काळी एक, पांढरी पाच

मांडवात पोचलो की मी गिटारच्या आधी टेस्टर काढतो. कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळणारा साधा टेस्टर, दांड्यात तांबूस दिवा असलेला. अँपला, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणाऱ्या अँप्लिफायरला, लाइट द्यायची, गिटार जोडायची आणि तारेला टेस्टरचं टोक टेकवून बघायचं. दिवा पेटला तर वायरमन येईपर्यंत मी कोरस म्हणत नाही. त्याचं कारण समजावून सांगायला लागलो की मंडळाची पोरं हसतात, पण ते खरं आहे. इलेक्ट्रिक गिटारच्या तारा ब्रिजखालच्या (ज्या पट्टीवर तारा टेकतात तो ब्रिज) वायरीने थेट अँपच्या अर्थिंगला जोडलेल्या असतात. अँपची लाइट एका बोर्डवरून घेतलेली, साउंडवाल्याच्या मिक्सरची दुसऱ्या खांबावरून, आणि अर्थिंग दोन्हीकडे नावापुरतं. अशा वेळी बोटं तारांवर असताना ओठ माइकच्या जाळीला लागले, की दोन्हीकडच्या व्होल्टेजमधला फरक दातांतून जातो. पहिल्यांदा बसला तेव्हा मला वाटलं कुणी तोंडावर फटकाच मारला.

उपाय सोपे आहेत. अँप आणि मिक्सर एकाच बोर्डवर घ्यायचे. माइकला स्पंजाची टोपी घालायची. अर्थिंगच नसेल तर मांडवामागे लोखंडी सळी ठोकून, भोवती मिठाचं पाणी ओतून, तिला वायर बांधायची. हे काम मात्र वायरमनचंच. यात्रेच्या गावात मी मीठ मागतो तेव्हा कुणीतरी विचारतंच, "दृष्ट काढतायसा काय ओ सर?" तसंच समजा, म्हणतो मी.

हे सगळं लिहिण्याचं कारण, गिटार वाजवून जगणाऱ्या माणसाबद्दल लोकांच्या मनात जे चित्र असतं त्यात टेस्टर नसतो. केस असतात, सोलो असतो, डोळे मिटलेले असतात. माझ्या कामात सोलो फार थोडा. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात मी जे करतो त्याला साध्या मराठीत साथ म्हणतात. गाणारा पुढे उभा असतो, मी त्याच्या डावीकडे दोन पावलं मागे. आणि साथीची सुरुवात एका प्रश्नाने होते: पट्टी कुठली?

आमच्याकडच्या गाणाऱ्यांना सी शार्प, जी वगैरे सांगता येत नाही, आणि सांगता आलं पाहिजे असंही काही नाही. ते पेटीवर वाढलेत. ते सांगतात काळी एक, पांढरी पाच, काळी चार. तेव्हा गिटारवाल्याच्या डोक्यात पेटीची पट्टी कायम उघडी असावी लागते. पांढरी एक म्हणजे सी. काळी एक म्हणजे सी शार्प, ही आपल्याकडे पुरुष गायकांची लाडकी जागा. काळी दोन म्हणजे डी शार्प. पांढरी चार म्हणजे एफ. पांढरी पाच म्हणजे जी, काळी चार म्हणजे जी शार्प, आणि बायकांचे आवाज बहुतेक याच आसपास असतात. आता गिटारवर मोकळ्या तारांचा गोडवा सी, जी, डी, ए, ई या घरांत आहे. काळ्या पट्ट्यांत तो नाही. म्हणून कॅपो, म्हणजे गिटारच्या मानेवर सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा. काळी एकसाठी पहिल्या पडद्यावर (फ्रेटवर) कॅपो लावून सीचे आकार धरता येतात, किंवा चौथ्या पडद्यावर लावून एचे. स्वर तेच, पण रंग वेगळा. चौथ्यावर गिटार मेंडोलिनकडे झुकते, पातळ आणि चमकदार वाजते. भावगीताला मी पहिला घेतो, कोळीगीताला चौथा. हे कुठल्या पुस्तकात वाचलं नाही. कॅम्पमधल्या ज्या अंकलकडे मी शिकलो त्यांनी सांगितलं, आणि त्यांनाही कुणीतरी पणजीत सांगितलं होतं.

पण पट्टी विचारली आणि झालं, असं नसतं. माणूस घरी काळी एकमध्ये गातो. मांडवात समोर सासरची माणसं दिसली की घसा आवळतो आणि पहिल्याच अंतऱ्याला वरचा सा हाताला लागत नाही. एखादी मुलगी फोनवर सांगते पांढरी पाच, आणि सर्दी घेऊन येते. अशा वेळी मुखडा संपून म्युझिक सुरू झालं की कीबोर्डवाल्याकडे बघायचं, एक बोट खाली करायचं, आणि पुढचा अंतरा अर्धा स्वर उतरवून घ्यायचा. कीबोर्डवर त्यासाठी ट्रान्सपोजचं बटण आहे. मला कॅपो सरकवायला जेमतेम दोन मात्रा मिळतात. गाणाऱ्याला कळतं, कधी कळत नाही. श्रोत्यांना कधीच कळत नाही, आणि कळलं तर आम्ही वाईट वाजवलं असा त्याचा अर्थ. भजनी मंडळाबरोबर उलटं असतं. पेटी नसताना म्हणायची सवय असलेली मंडळी रंगली की चढतच जातात. पेटीवाला बिचारा पट्टी धरून बसतो आणि मंडळ त्याला सोडून निघून जातं. तिथे मी आवाज कमी करून नुसता ठेका धरतो. पखवाजापुढे शहाणपणा चालत नाही.

अमेरिकेत नॅशव्हिल नावाचं शहर आहे, ते स्वतःला म्युझिक सिटीच म्हणवतं. तिथल्या स्टुडिओतल्या वादकांनी या पट्टीच्या भानगडीवर काढलेला तोडगा वाचला तेव्हा मला फार मजा वाटली. 1950च्या दशकाच्या अखेरीस नील मॅथ्यूज नावाच्या गायकाने आपल्या गटासाठी कॉर्ड नावांऐवजी आकड्यांत लिहायला सुरुवात केली, चार्ली मॅकॉयसारख्या वादकांनी ती पद्धत स्टुडिओत रुळवली, आणि आज तिथे गाण्याचा कागद म्हणजे 1, 4, 5, 6 असे आकडे. गायिकेने ऐन वेळी पट्टी बदलली तरी कागद बदलत नाही. आता हे आपल्याला कुणी नव्याने सांगायला हवं होतं का? आमचा कीबोर्डवाला धारवाडकडचा, घरी कन्नड बोलणारा. तो स्टेजवर मला "म" म्हणतो, "प" म्हणतो, पुन्हा "सा" म्हणतो, आणि मी समजतो. षड्जाचं नाव पट्टीवर अवलंबून नसतं, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही पेटीच्या क्लासात पहिल्या आठवड्यात कळतं. फरक इतकाच, की त्यांनी ते कागदावर उतरवलं आणि त्याभोवती धंदा उभा केला.

त्या धंद्याचं दुसरं अंगही वाचलंय. नॅशव्हिलच्या ब्रॉडवे रस्त्यावर सकाळपासून मध्यरात्र उलटेपर्यंत बारमध्ये चार-चार तासांच्या पाळ्या लागतात, आणि वादकांची मोठी मिळकत श्रोत्यांनी बरणीत टाकलेल्या पैशांतून होते. म्हणजे तिथेही बरणी आहे. आमच्याकडे फर्माइशीच्या चिठ्ठीला गुंडाळलेली नोट आहे. चिठ्ठी गाणाऱ्याच्या हातात जाते, नोटही तिथेच राहते. मी तक्रार करत नाहीय, रिवाज सांगतोय. गुणी गायक शेवटी सगळ्या नोटा एकत्र करून वाटतो. बाकीचे "पुढच्या वेळी बघू" म्हणतात.

चिठ्ठ्या कुठल्या भाषेत येतात यावरून गाव ओळखता येतं. खानापूरच्या जंगलाकडच्या गावांत मराठी, मधूनच कोंकणी. चिकोडीकडे मराठी मागून लगेच कन्नड. बेळगावात हळदीच्या रात्री तिन्ही, त्यात हिंदीची भर. एका घरात नवरा मुलगा मराठी आणि बायकोचे मामा गोकाककडचे, म्हणजे आम्हाला दोन्ही बाजूंची चार-चार गाणी बसवून जावी लागतात, आणि कुणाचं आधी वाजलं याचा हिशेब दोन्हीकडच्या म्हाताऱ्या ठेवतात. 1 नोव्हेंबरला मात्र मी कुठलंच काम घेत नाही. त्या दिवशी सकाळी मराठी माणसांची काळ्या दिनाची सायकल फेरी निघते आणि राज्योत्सवाची मिरवणूक रात्रीपर्यंत चालते. मी कुठे असतो ते इथे लिहीत नाही. आमचा कीबोर्डवाला त्या दिवशी चित्ररथावर वाजवतो. दुसऱ्या दिवशी आम्ही चहाला भेटतो आणि मोबदला किती मिळाला यावर बोलतो, बाकी कशावर नाही.

कामाचं वर्ष पंचांगावर चालतं. तुळशीचं लग्न लागलं की सुपाऱ्या सुरू. विसार घ्यायचा, वहीत लिहायचं. डिसेंबरात नाताळची मिस्सा आणि कॅरल, कॅम्पातल्या चर्चमध्ये मी हक्काने जातो. तिथे कुणी माझं आडनाव विचारत नाही, फक्त तालीम किती वाजता ते सांगतात. 31 डिसेंबर गोव्याचा. मग गावोगावच्या यात्रा, मग वैशाखातली लग्नं. आषाढ लागला की वही कोरी. श्रावणात दोन-चार सत्यनारायण, गणपतीत काही मंडळं अजून ऑर्केस्ट्रा ठेवतात, आणि दिवाळी पहाट. रात्री 10 वाजता ध्वनिक्षेपक बंद करायचा नियम 2000 सालापासून आहे. राज्य सरकार वर्षातले 15 दिवस 12 वाजेपर्यंत सवलत देऊ शकतं. त्यामुळे पूर्वी जेवणं आटोपून 10 ला सुरू होणारा कार्यक्रम आता दिवे लागायच्या वेळेला सुरू होतो. या नियमाने आमचं नुकसान झालं असं बरेच वादक म्हणतात. मला नाही पटत. साडेदहाला घरी पोचून गरम भात खाणं ही चैन माझ्या आधीच्या पिढीच्या वाट्याला आली नव्हती.

गोव्याचं सांगायचं तर, जांबोटी, कणकुंबी, चोर्ला घाट, साखळी. कणकुंबीत मलप्रभा उगम पावते तिथे चहा. दुपारी निघायचं, किनाऱ्यावरच्या एखाद्या शॅकमध्ये सूर्यास्ताला बसायचं, जुनी इंग्रजी गाणी, थोडी कोंकणी, एखाददुसरं हिंदी. पैसे बेळगावपेक्षा बरे आणि त्याच रात्री हातात. परतताना घाटात धुकं असतं आणि गवे असतात. मोटरसायकलवर पाठीला गिटार बांधून गव्यासमोर थांबलेला माणूस फार केविलवाणा दिसतो. हॉर्न वाजवायचा नाही, दिवा मंद करायचा, तो जाईपर्यंत उभं राहायचं. तो घाई करत नाही.

पावसाळ्यात घरी बसायचं आणि लाकूड सांभाळायचं. बेळगावचा पाऊस ज्यांनी अनुभवलाय त्यांना सांगायला नको. भिंतीला बुरशी येते तशी गिटारच्या पोटातही येते. सलग लाकडाची तबकडी ओल धरून फुगते, ब्रिज वर उचलला जातो, तारा पडद्यांपासून लांब जातात आणि एका बोटाने सगळ्या तारा दाबून बार कॉर्ड धरताना मनगट भरून येतं. मानेच्या आत लोखंडी सळई असते, तिला चावीने पाव फेरा देऊन मान जागेवर आणायची. अर्धा फेरा एकदम द्यायचा नाही. बुटाच्या खोक्यातल्या सिलिका जेलच्या पुड्या मी शेजारपाजाऱ्यांकडून गोळा करतो. आणि हे करताना हटकून मनात येतं की माझ्या गिटारची पडद्यांची पट्टी शिसवीची आहे, कारखान्याच्या कागदावर "इंडियन रोझवूड" असं लिहिलेलं. ब्राझीलचं लाकूड मिळेनासं झालं तेव्हा 1969 च्या सुमारास मार्टिन या अमेरिकी कंपनीने भारतीय शिसवी वापरायला घेतली, आणि पुढे जगभर तिचं चलन झालं. 2017 च्या जानेवारीपासून शिसवीच्या सगळ्या जाती आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या निर्बंधात आल्या, तेव्हा गिटार घेऊन देशाबाहेर जाणाऱ्यांची कागदपत्रांसाठी धावाधाव झाली; 2019 च्या अखेरीस तयार वाद्यांना त्यातून वगळलं. ही शिसवी आमच्या पश्चिम घाटातली. खानापूरकडच्या जुन्या घरांत तिचे पलंग आहेत, दोघांनी उचलले तर तिसऱ्याला हाक मारावी लागते असे. माझ्या मांडीवरचं लाकूड कुठल्या डोंगरातून निघून कुठल्या कारखान्याला वळसा घालून आलं, कुणास ठाऊक.

नट, म्हणजे मानेच्या टोकाला तारा ज्या खाचांत बसतात ती पट्टी, बदलायचा असला की मी मिरजेला जातो. आमच्याकडे गिटार विकणारी दुकानं झालीत, दुरुस्त करणारा हात मिळत नाही. मिरजेत पिढ्यान्‌पिढ्या सतार-तंबोरे बनतात. तिथल्या सतार आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. ज्याने आयुष्यभर सतारीची घोडी घासून जवारी काढली त्याला हाडाच्या पट्टीत सहा खाचा कोरणं म्हणजे काहीच नाही. तारेचा कोन किती, खाच किती खोल, हे तो मापाने बघत नाही, तार छेडून ऐकतो. "हे वाद्य आमचं न्हाई," असं म्हणत म्हणत तो ते उत्तम करून देतो.

मिरजेची गाडी बेळगावहून निघाली की थोड्याच वेळात सुळेभावी स्टेशन लागतं. कुमार गंधर्व इथले. 8 एप्रिल 1924 चा जन्म, घरचं नाव शिवपुत्र कोमकली. गाडीतल्या नव्या माणसाला मी हे सांगतो, सांगितल्याशिवाय राहवत नाही. पण त्यानंतर एक विचार हटकून येतो आणि तो तितका गोड नाही. शिवपुत्र मुंबईला देवधरांकडे शिकला आणि 1948 मध्ये देवासला जाऊन राहिला. आमच्या वाट्याला जन्म आला आणि नेहरूनगरात त्यांच्या नावाचं रंगमंदिर आलं. 1924 च्या डिसेंबरातलं गांधीजींच्या अध्यक्षतेखालचं काँग्रेसचं अधिवेशन बेळगावचंच. तिथे स्वागतगीत गाणाऱ्या शाळकरी मुलींत अकरा वर्षांच्या गंगूबाई हनगल होत्या. आजही मी गिटार घेऊन टिळकवाडीतून काँग्रेस रोडने जातो तेव्हा हे आठवतं. पण गंगूबाई पुढे हुबळीच्या झाल्या. तिकडे धारवाडला 1950 च्या जानेवारीत आकाशवाणी सुरू झाली, विद्यापीठात संगीताचा विभाग आला, मल्लिकार्जुन मन्सूर रेडिओचे सल्लागार राहिले. रेडिओने गाणाऱ्यांना पगार दिला, आणि त्यांच्यामागे तबलजी, पेटीवाले, सारंगीवाले यांनाही दिला. धारवाडला संगीताचं गाव म्हणतात त्यातला अर्धा वाटा मी त्या पगारपत्रकाला देतो. मोठा गवई कुठेही जन्मू शकतो. मध्यम दर्जाच्या तबलजीचं लाइट बिल दर महिन्याला भरलं जाणं, हे मात्र गाव ठरवतं. या मोजपट्टीने बेळगाव अजून संगीताचं शहर झालेलं नाही, कितीही कमानी उभारा. आमच्या मैफलींना येणारे कान तयार आहेत, रसिक जाणते आहेत, चुकीची तिहाई आली तर मान हलवायचं थांबवणारे आहेत. पण त्यांच्यातल्या बहुतेकांना कार्यक्रम फुकट हवा असतो.

म्हणून क्लास. आषाढ ते कार्तिक घर चालतं ते शिकवण्यांवर. पाटी लावली तेव्हा नियमाप्रमाणे साठ टक्के जागा कन्नडला द्यावी लागली, उरलेल्या जागेत मराठी आणि इंग्रजी. रंगाऱ्याने मोजून केलं आणि गिटारचं चित्र काढायला जागा उरली नाही. पोरं येतात ती पाटी बघून येत नाहीत, मोबाइल बघून येतात. एकच गाणं शिकायचं असतं, तेही त्यातला गाजलेला तुकडा. मी नाही म्हणत नाही. तो तुकडा शिकवतो आणि मग सांगतो, आता हाच काळी दोनमध्ये वाजव, तुझी बहीण गाणार आहे. तिथे अर्धी पोरं गळतात. राहतात त्यांच्या बोटांना पंधरवड्यात फोड येतात, मग घट्टे पडतात. पालकांना फोड दिसतात तेव्हा ते फोन करतात, घट्टे पडतात तेव्हा कुणी करत नाही. सध्या येळ्ळूरची एक मुलगी येते, डावखुरी. उलट्या तारा लावून देऊ का विचारलं तर म्हणाली, नको, गावात दुसऱ्या कुणाची गिटार हातात आली तर ती सुलटीच असेल की. ती काम करणार हे त्या दिवशीच कळलं.

आता धंद्याला खरी झळ लागलीय ती डीजेची नाही. डीजे वेगळा, त्याची गिऱ्हाइकं वेगळी. झळ लागली ट्रॅकची. गाणारा एकटा येतो, लॅपटॉपमधून तयार साथ वाजते, त्यात गिटारसुद्धा असते आणि ती माझ्यापेक्षा स्वच्छ वाजलेली असते, मुंबईच्या कुणा उस्तादाने. पैसे एकाचेच. मालकाच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं. फक्त ट्रॅकला पट्टी विचारता येत नाही. गाणारा घाबरला म्हणून तो थांबत नाही, अंतऱ्यात एक ओळ विसरली तर तो आपला पुढे निघून जातो, आणि माणूस स्टेजवर उघडा पडतो. असं झालं की पुढच्या वर्षी मला फोन येतो. असे फोन अजून येतात, त्यावर चाललंय.

परवा एका मंडळाच्या सेक्रेटरींचा आला. यात्रा फाल्गुनात आहे.

"सर, ट्रॅकवालाच सांगितलाय यंदा. पण तुम्हीबी या की."

"ट्रॅकवर मी काय वाजवू ओ?"

"काय बी वाजवा. वायर नाही जोडली तरी चालतंय म्हणालेत पोरं. मागं गिटारवाला उभारला की फोटोत बरं दिसतंय."

मी माझा नेहमीचा दर सांगितला. वायर जोडून आणि न जोडता, दोन्हीला तोच. ते थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, जेवण धरून काय? जेवण धरून, म्हटलं. विसार दुसऱ्या दिवशी मोबाइलवर आला. गाणारीचा नंबर त्यांच्याकडून मागून घेतलाय. तिला पट्टी विचारायची आहे.